बोट लिऑनहून सुटते, पण प्रवास कुठून सुरू करायचा?

पत्र:

ताई, नमस्कार. माझं वय 64, यांचं 69. लग्नाला यंदा 40 वर्षं होतात म्हणून अमेरिकेतल्या मुलाने आम्हाला फ्रान्समध्ये ऱ्होन नदीवरची 7 रात्रींची क्रूझ बुक करून दिली आहे. बोटीत लिऑनला चढायचं आणि आविन्योंला उतरायचं. सोबत माझ्या मोठ्या वन्सं आहेत, वय 72. गौरी-गणपती उरकून निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी यायचं, असे बोटीच्या आधी-नंतर मिळून 10 मुक्काम हाताशी आहेत. ओळखीच्या एका टूरवाल्यांनी आखणी करून दिली: आधी पॅरिस, माँ-सॅं-मिशेल, ल्वार नदीकाठचे राजवाडे, आणि बोटीच्या दिवशी सकाळच्या गाडीने लिऑन. नंतर लॅव्हेंडरची शेतं, नीस, मोनाको, लूर्द, पुन्हा पॅरिस. वाचूनच दम लागला. यांचा उजवा गुडघा दुखरा आहे. वन्संना आयफेल टॉवर बघायचाच आहे. यांना मार्सेलिसला जायचंय, सावरकरांनी उडी मारली तिथे. आम्ही तिघंही शाकाहारी. मला विचाराल तर एखाद्या छोट्या गावी दोन-तीन दिवस नुसतं राहायचंय. नातेवाईक म्हणतात, एवढे पैसे घालून जाताय तर सगळं बघून घ्या, पुन्हा कोण जातंय. काय करू?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर:

सप्रेम नमस्कार, आणि तुम्हा दोघांना 40 वर्षांच्या मनापासून शुभेच्छा.

तुम्ही पाठवलेला आखणीचा कागद मी नकाशा शेजारी ठेवून दोनदा वाचला. माझं स्पष्ट मत आहे की ही आखणी तुम्ही स्वीकारू नका. माँ-सॅं-मिशेल फार सुंदर आहे, पण पॅरिसहून जायला चार तास आणि यायला चार तास, आणि वर चढणीचा दगडी रस्ता. नीस आग्नेय टोकाला, इटलीच्या हद्दीजवळ. लूर्द पिरेनीजच्या पायथ्याशी, स्पेनच्या बाजूला. मधला अख्खा दिवस गाडीत जाणार. आणि लॅव्हेंडर फुलतं जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. तुम्ही जाल तेव्हा कापणी होऊन गेलेली असेल, शेतात नुसते छाटलेले करडे ओळीतले गड्डे दिसतील. हा कागद जुलैत जाणाऱ्या कुणासाठी तरी केलेला आहे. तुमचा महिना, तुमचे गुडघे, तुमची माणसं त्यात कुठेच नाहीत.

नदीवरची बोट संथ असते. दर दोन-तीन दिवसांनी बॅग भरायची कटकट नाही, गाव आपणहून दारात येतं. त्या सात रात्रींच्या दोन्ही बाजूंना जर धावपळ लावली, तर बोटीवरचे पहिले तीन दिवस थकवा काढण्यात जातात आणि शेवटचे दोन पुढच्या गाड्यांच्या काळजीत. म्हणून माझा साधा नियम आहे: बोटीच्या आधी बोटीच्याच गावात राहायचं, आणि लांबचं काय ते बोटीनंतर करायचं. पॅरिस अगदी शेवटी.

तुमचे 10 मुक्काम मी असे वाटले आहेत: आधी लिऑनला 3. मग बोट. उतरल्यावर सॅं-रेमी नावाच्या गावात 3, मार्सेलिसला 1, पॅरिसला 3. यात तिघांची इच्छा बसते, आणि बोट सोडली तर बॅगा फक्त चार ठिकाणी उघडायच्या.

आधी तीन रात्री का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही याच नदीवर गेलो होतो. एका विमान कंपनीने माझी बॅग मधल्याच विमानतळावर ठेवली. त्या बॅगेत माझ्या यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही होत्या, ही चूक माझीच. बॅग आली दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला, हॉटेलच्या दारात. आम्ही दोन दिवस आधी पोचलो होतो म्हणून ती बोटीच्या आधी हाती आली. आमच्याच बोटीवर एक बाई त्याच दिवशी सकाळी उतरून थेट चढल्या होत्या. त्यांची बॅग बोटीच्या मागे गावोगाव फिरत होती आणि त्या तीन दिवस एकाच कपड्यांवर जेवणाच्या टेबलाशी येत होत्या. बोट कुणासाठी थांबत नाही. तेव्हा तुमच्या टूरवाल्यांनी लिहिलेली ‘बोटीच्या दिवशी सकाळची गाडी’ पहिली खोडा. आणि गोळ्या तिघांच्याही हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळत नाही.

लिऑनला पोचायचे दोन रस्ते. मुंबईहून पॅरिसला थेट विमान घेतलंत तर शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल 2 मध्येच रेल्वे स्टेशन आहे. तिथून लिऑनला थेट टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची अतिवेगवान रेल्वे, जाते, साधारण दोन तासांत. पॅरिस शहरात शिरायची गरजच नाही. तिकीट काढताना उतरायचं स्टेशन ‘लिऑन पार-द्यु’ आहे ना बघा. काही गाड्या लिऑनच्या विमानतळावरच्या स्टेशनात थांबतात, आणि तिथून शहर आणखी अर्धा तास. दुसरा रस्ता दुबईमार्गे सरळ लिऑनचं विमान. गुडघ्यांना तो बरा. पहिला रस्ता धरलात तर विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत किमान साडेतीन तास ठेवा. टीजीव्हीचं तिकीट त्याच गाडीचं असतं, आणि ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन हद्दीत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांची रांग लांबू शकते.

लिऑन हे ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. लोक त्याला बोटीचं स्टँड समजतात आणि रात्र काढून निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिल्या दिवशी काही करू नका. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ त्या दिवसांत साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतील आणि पहाटे चारला जाग येईल. दुसऱ्या दिवशी जुन्या लिऑनमध्ये जा. तिथल्या मेट्रो स्टेशनातूनच फुर्व्हिएर टेकडीवर फ्युनिक्युलर जाते, म्हणजे दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे. एकही पायरी न चढता वर बॅसिलिका, शेजारी रोमन काळातलं नाट्यगृह, आणि खाली दोन्ही नद्या. खाली आल्यावर त्राबूल बघा. इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणाऱ्या या वाटा. पुण्यातल्या वाड्यांत एका दारातून शिरून मागच्या बोळात निघायचो, ती आठवण येते. रेशमाचे तागे पावसात न भिजवता न्यायला विणकर या वाटा वापरत.

हे रेशमाचं गाव. छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्राला ज्याचं नाव मिळालं तो जॅकार्ड इथलाच. येवल्याला पैठणीच्या काही मागांवर डोक्याशी जॅकार्ड बसवलेलं दिसतं, ते पाहिलं असेल तर इथे विणकरांच्या क्र्वा-रूस टेकडीवर तुम्हाला परकं वाटणार नाही. आणि एक जागा तुमच्या यांच्यासाठी. जुन्या लिऑनहून मेट्रोची डी लाइन धरली की न बदलता ‘मॉंप्लेझीर-ल्युमिएर’ स्टेशन येतं. तिथे ल्युमिएर बंधूंचं घर आता संग्रहालय आहे, आणि 1895 साली ज्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रण त्यांनी केलं, त्या कारखान्याची शेड तिथेच जपलेली आहे. पुढच्याच वर्षी, 7 जुलै 1896 ला, त्यांच्या माणसाने मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये हिंदुस्थानातला पहिला चित्रपटांचा खेळ केला. आपल्या सिनेमाचं मूळ त्या शेडच्या दारापाशी जातं. संग्रहालय सोमवारी बंद असतं.

आता जेवण. लिऑन हे फ्रान्सच्या खाण्याचं माहेरघर मानलं जातं, पण तिथलं पारंपरिक जेवण मांसाहारी आहे. दोन गोष्टींत आपली माणसं हमखास फसतात. ‘कनेल’ नावाचा मऊ पांढरा मुटका दिसायला शाकाहारी, पण बहुतेक वेळा त्यात मासा असतो. आणि कांद्याचं सूप पुष्कळदा मांसाच्या रश्शात केलेलं असतं. उलट ‘सेर्व्हेल द कान्यु’ म्हणजे शब्दशः विणकराचा मेंदू, पण असतं ताजं चीज. चक्क्यात बारीक कांदा, लसूण, हिरवी पात आणि थोडं तेल कालवावं तसं. आम्ही ते गरम पावाबरोबर तीन दिवस रोज खाल्लं. बटाट्याचं दुधातलं ग्रातॅं सगळीकडे मिळतं. नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका, त्याने मासा सुटत नाही. ‘साँ व्यांद, साँ प्वासों’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको. एका कागदावर मोठ्या अक्षरांत फ्रेंचमध्ये लिहून घेऊन तिघांच्या पर्समध्ये ठेवा. बोटीच्या कंपनीला मात्र आताच, मुलाकरवी लेखी कळवा. अंडं चालतं का, चीज चालतं का, हेही लिहा. वन्सं कडक पाळत असतील तर तिथल्या पुष्कळ चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं विरजण, असतं, हे त्यांना आधी माहीत असलेलं बरं.

बोटीबद्दल चार गोष्टी आता विचारून ठेवा. बोट लिऑनमध्ये नक्की कोणत्या घाटावर लागणार? ऱ्होनच्या काठावर क्लोद बर्नार घाट नेहमीचा, पण ऐन वेळी बदलू शकतो, म्हणून शेवटचं पत्र आल्याशिवाय गाडी ठरवू नका. घाटावरून रस्त्यावर यायला पायऱ्या असतात. दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात तेव्हा आपल्या बोटीतून दुसरीच्या आतून, कधी वरच्या डेकवरून, काठावर जावं लागतं. बोटीला लिफ्ट असली तरी ती बहुधा वरच्या डेकपर्यंत जात नाही. घडीची काठी घ्या, यांना नको वाटली तरी. खोली मधल्या मजल्यावर मागा. वन्संची एकटीची केबिन असेल तर एकट्याचा जादा दर लागला आहे का, आणि तो मुलाने भरलाय का, हेही विचारा. नंतर विषय निघाला तर त्यांना अवघड वाटेल.

आणि बोटीच्या सहली कोणत्या, त्याचा कागद नीट वाचा. जमिनीवरच्या दिवसांत तेच पुन्हा करणं हा पैशाचा आणि पायांचा अपव्यय. ऱ्होनवरच्या बहुतेक बोटी पोपचा राजवाडा आणि पाँ द्यु गार दाखवतात. आविन्योंला 1309 ते 1377 या काळात पोप राहत होते, त्यांचा तो राजवाडा. पाँ द्यु गार म्हणजे नीम शहराला पाणी नेणारा रोमन पूल, तीन मजली, सुमारे 49 मीटर उंच. ते बोटीबरोबरच बघा. तॅं-लेर्मिताजला बहुतेकांना द्राक्षबागांत नेतात. तुम्ही दारू घेत नसाल तर त्याच गावात व्हालरोना या चॉकलेटवाल्यांचं प्रदर्शन आहे, तिकडे जा. पोपच्या राजवाड्यात मात्र पायऱ्याच पायऱ्या आहेत. यांनी त्या दिवशी बाहेरच्या चौकात कॉफी घेत बसावं, त्यात काही कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही सांगण्यावरून चुकवू नका. लिऑनपासून समुद्रापर्यंत ऱ्होनवर 12 जलपाश आहेत, ज्यांत बोट शिरते, मागचं दार लागतं, पाणी उतरतं आणि पुढचं दार उघडतं. बोलेनचा सगळ्यात खोल, सुमारे 23 मीटर. आमची बोट तिथे दुपारी पोचली. मी खोलीच्या खिडकीशी होते. आधी बाहेर झाडं आणि आभाळ होतं. मग काँक्रीटची भिंत आली, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. बोट खाली जायला लागली तशी ती भिंत ओली होत गेली, मग शेवाळलेली, त्यावरून पाण्याचे ओघळ, आणि आभाळाची पट्टी वर वर जात दिसेनाशी झाली. खोलीत विहिरीत उतरल्यासारखा गारवा आला. कसला आवाज नाही, हिसका नाही. मग समोरचं दार उचललं गेलं आणि ऊन एकदम आत आलं. सात मजली इमारत आम्ही बसल्या जागी उतरलो होतो. तुमची बोट रात्री तिथे पोचणार असेल तर खलाशांना वेळ विचारून गजर लावा.

आविन्योंला उतरवतात ते न्याहारीनंतर लगेच, नऊच्या सुमारास. त्या सकाळची लवकरची गाडी काढू नका. नदीला पाणी चढलं किंवा वारा सुटला तर शेवटचा धक्का बदलतो आणि बसने आणून सोडतात. तुम्हाला गाडी धरायचीच नाही, टॅक्सीने सॅं-रेमीला जायचंय. अंतर 20 किलोमीटरच्या आसपास.

तुम्ही लिहिलंत ‘नुसतं राहायचंय’, आणि त्यापुढे जणू माफी मागितल्यासारखं थांबलात. माफी कशाला? 40 वर्षं तुम्ही प्रत्येक सहलीत डबे भरलेत, बाकीच्यांच्या वेळा सांभाळल्यात. या प्रवासात तीन दिवस तुमचे आहेत, आणि मी ते मध्यावर ठेवलेत ते मुद्दाम.

सॅं-रेमीचं जुनं गाव गोल आहे, भोवती रस्ता आणि रस्त्यावर चिनाराच्या जातीची उंच झाडं. खोडांवर साल सोललेले पिवळट-करडे डाग असतात. आत गाडी फारशी शिरत नाही. दहा-पंधरा मिनिटांत गाव संपतं. बुधवारी बाजार भरतो. ऑलिव्ह, भाजी, साबण, टोपल्या, कापड. तुमचा मुक्काम बुधवार धरून पडत असेल तर हॉटेलवाल्यांना सांगून बाजाराजवळची खोली घ्या. गावाबाहेर दीडेक किलोमीटरवर सॅं-पॉल द मोझोल आहे. मे 1889 ते मे 1890 असं वर्षभर चित्रकार व्हॅन गॉग या मठातल्या मनोरुग्णालयात आपणहून येऊन राहिला. खिडकीतून दिसणारं शेत, अंगण, ऑलिव्हची झाडं, मागचे आल्पीयचे खडकाळ डोंगर, हे सगळं त्याने तिथे रंगवलं. जिना चढून त्याच्या खोलीसारखी मांडलेली खोली बघता येते. यांना जिना नको असेल तर खालचा ओवरीवजा चौक पुरे. समोरच ग्लानम या रोमन गावाचे अवशेष आहेत. जाताना टॅक्सीने जा, येताना गुडघा काय म्हणतो ते बघून ठरवा. बाकीचे दोन दिवस काहीही ठरवू नका. शाल मात्र असू द्या. ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा गार वारा सुटतो, आभाळ निळंशार असतं आणि कान दुखायला लागतात.

इथून आविन्यों टीजीव्ही स्टेशन आणि तिथून मार्सेलिस, गाडीत जेमतेम 35 मिनिटं. आविन्योंला दोन स्टेशनं आहेत. एक तटबंदीला लागून गावातलं, दुसरं बाहेर टीजीव्हीचं. टॅक्सीवाल्याला ‘तेजेव्हे’ असं सांगा.

मार्सेलिसच्या सॅं-शार्ल स्टेशनाबाहेर 104 पायऱ्यांचा प्रसिद्ध जिना आहे. यांना त्या वाटेने नेऊ नका. स्टेशनातूनच मेट्रो आहे, दोन स्टॉप गेलं की जुनं बंदर. 8 जुलै 1910 ला सकाळी मोरिया बोट या शहराच्या बंदरात उभी असताना सावरकर शौचालयाच्या खिडकीतून निसटले आणि पोहून फ्रान्सच्या धक्क्याला लागले. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत बोटीवर दिलं, आणि त्यावरून खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. 1911 च्या फेब्रुवारीत निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. हे सगळं यांना पाठ असणार. त्यांना त्या पाण्याशी त्यांच्या त्यांच्या वेळेने उभं राहू द्या. वेळ उरला तर टॅक्सी करून मझार्ग स्मशानभूमीत जा. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर 1914 पासून भारतीय फौजा याच बंदरात उतरल्या. फ्रान्समध्ये मेलेल्या आपल्या कितीतरी सैनिकांची स्मृती तिथे राखलेली आहे. आपल्याकडून फार थोडे लोक जातात.

संध्याकाळी जुन्या बंदराजवळ ‘पानिस’ मागा. हरभऱ्याच्या पिठाचे घट्ट शिजवून तळलेले तुकडे. सुरळीच्या वडीचं पीठ तळल्यासारखं. वन्सं खूश होतील.

मार्सेलिसहून पॅरिस टीजीव्हीने साडेतीन तासांच्या आत. गाडी पॅरिसला ‘गार द लिऑन’ स्टेशनात पोचते. नाव लिऑनचं, स्टेशन पॅरिसचं. तिकिटावर ते वाचून दचकू नका. तिकिटं तीन-चार महिने आधी काढलीत तर बरीच स्वस्त पडतात. रेल्वे पास घेऊ नका. टीजीव्हीला पासावर वेगळं आरक्षण लागतंच, आणि तुमच्या तीन गाड्यांसाठी तो परवडणार नाही. डबे दुमजली असतात, म्हणून तिकीट काढतानाच खालचा मजला निवडा. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी बंधनकारक आहे. फलाट गाडीच्या 20 मिनिटं आधी लागतो आणि दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. हमाल मिळेल असं धरू नका. माणशी एकच, स्वतःला उचलता येईल एवढीच बॅग.

पॅरिसमध्ये हॉटेल घेताना लिफ्ट तळमजल्यापासून आहे का, ते विचारा. मेट्रोत जिने फार आहेत, बस धरा. 69 नंबरची बस आयफेलजवळून निघून ओर्से, लूव्हर या संग्रहालयांवरून जाते, बसूनच निम्मं शहर दिसतं. आयफेलची लिफ्टची तिकिटं दोन महिने आधी उघडतात, त्याच दिवशी मुलाला बसवा. दुसऱ्या मजल्यापर्यंतच घ्या. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो. वन्संना ते खालच्या बागेतून बघू द्या. नोत्र-दाम चर्च डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं आहे, आत जायला पैसे नाहीत.

व्हिसाचं आता लगेच बघा. सगळा प्रवास फ्रान्समध्येच आहे, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. शुल्क मोठ्यांना 90 युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा आकार वेगळा. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेताना यांच्या गुडघ्याचं आणि रक्तदाब-मधुमेह काही असेल तर त्याचं खरं सांगा, नाहीतर ऐन वेळी दावा अडतो. अर्जात प्रत्येक रात्रीचा हिशेब लागला पाहिजे. बोटीच्या सात रात्रींसाठी तिघांची नावं असलेलं बोटीचं पत्र, बाकीच्यांसाठी रद्द करता येणारी हॉटेलं. खर्च मुलाने केला असल्यामुळे त्याचं पत्र आणि पैसे भरल्याचे कागद जोडा. वन्संचं नातं त्या पत्रात स्पष्ट लिहायला सांगा.

नातेवाइकांचं राहिलं. ते प्रेमाने म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नका. मोनाको का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणा की यांच्या गुडघ्याला झेपेल तेवढंच ठरवलंय. टूरवाल्यांनाही नीट धन्यवाद देऊन सांगा, विमानाची तिकिटं हवी तर त्यांच्याकडूनच काढा. मात्र जाताना एका गावी उतरून येताना दुसऱ्या गावाहून निघण्याचं तिकीट मागा. दुबईमार्गे जाणार असाल तर लिऑनला उतरा आणि पॅरिसहून निघा.

पॅरिसच्या तिसऱ्या दिवशी ओर्से संग्रहालयात जा. बाकी काही नाही बघितलंत तरी चालेल. तिथे व्हॅन गॉगने सप्टेंबर 1888 मध्ये आर्लला रंगवलेली रात्रीची ऱ्होन आहे. काठावरच्या दिव्यांचे पिवळे पट्टे पाण्यात लांबवर उतरलेले, वर सप्तर्षी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात हातात हात घातलेलं एक जोडपं. तुमच्या बोटीच्या कागदात आर्ल असेल, तर त्या रात्री जेवणानंतर दोघांनी डेकवर या आणि ते पाणी आधी डोळ्यांनी बघून ठेवा. ओर्से सोमवारी बंद असतं, तेव्हा पॅरिसच्या तीन दिवसांत सोमवार कुठे येतो, तेवढं तिकिटं काढायच्या आधी बघा.